‘पाच लाखांचं पॅकेज’ म्हणजे नक्की काय? नोकरी सुटताना सही करण्याआधी

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत ७ वर्षं ८ महिने टेस्टिंगचं काम करणारी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. हे उदाहरण कल्पनेतलं आहे, पण आकडे नीट हिशोब करून मांडलेले आहेत. तिचा महिन्याचा एकूण पगार १,०४,००० रुपये, त्यातला मूळ पगार ५२,००० रुपये. एका दुपारी एचआरकडून बोलावणं येतं. समोर दोन माणसं बसलेली असतात. तिला सांगितलं जातं, “प्रोजेक्ट बंद होतोय. आज संध्याकाळपर्यंत राजीनामा टाकलात तर पाच लाखांचं पॅकेज मिळेल. नाही टाकलात तर आम्हाला काढावं लागेल आणि मग लेटरवर तसं येईल.”

पाच लाख हा आकडा कानाला मोठा वाटतो. घराचा हप्ता, मुलाची फी, आईचं औषधपाणी हे सगळं त्या क्षणी डोक्यात फिरत असतं, त्यामुळे पाच लाख कशाकशाचे मिळून झाले हे विचारायचं सुचत नाही. आपण ते इथे विचारू.

पॅकेजच्या कागदावर तीन ओळी आहेत. ग्रॅच्युइटी २,४०,००० रुपये. शिल्लक रजेचे ५२,००० रुपये. दोन महिन्यांचा पूर्ण पगार २,०८,००० रुपये. बेरीज बरोबर ५,००,०००.

आता एकेक ओळ पाहू. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटी हा कायद्याने मिळालेला हक्क आहे. राजीनामा द्या, निवृत्त व्हा किंवा कंपनीने काढो, ती मिळतेच. शिल्लक रजा तिने कामाच्या दिवसांवर कमावलेली आहे. राहिले दोन महिन्यांचे पगार. तिने तिचं जुनं नेमणूकपत्र काढून वाचलं तर त्यात लिहिलेलं सापडतं की, दोन्हींपैकी कोणत्याही बाजूला नोकरी संपवायची असेल तर दोन महिन्यांची नोटीस द्यावी किंवा तेवढा पगार द्यावा. म्हणजे उद्यापासून येऊ नका असं कंपनी म्हणत असेल, तर हे २,०८,००० रुपयेही कंपनी तिचं देणं लागतेच.

पाच लाखांमध्ये कंपनीने स्वतःहून देऊ केलेली रक्कम शून्य आहे. तिचेच पैसे तिला दाखवून त्या बदल्यात तिची सही मागितली जाते आहे.

नोकरी सुटताना मिळणाऱ्या पैशांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: जे आधीपासून तुमचं आहे ते एका बाजूला काढा आणि जे सहीच्या बदल्यात देऊ केलंय ते दुसऱ्या बाजूला. वाटाघाट फक्त दुसऱ्या बाजूची असते. पहिल्या बाजूसाठी सहीची अट घालायचा अधिकार कंपनीला नाही.

जे आधीपासून तुमचं आहे

सगळ्यात आधी, काम केलेल्या दिवसांचा पगार. वेतन संहिता, २०१९ ही बाकीच्या तीन कामगार संहितांसोबत २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. त्यानुसार तुम्ही राजीनामा दिला असो, तुम्हाला काढलं असो की कंपनीच बंद पडली असो, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळालं पाहिजे. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी होईल’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे म्हटलं जातं की तो कायदाच आहे असं लोकांना वाटतं. वेतनापुरतं ते खरं नाही.

मग ग्रॅच्युइटी. सूत्र सोपं आहे: शेवटचा मासिक पगार, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. पगार म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. आपल्या उदाहरणात ७ वर्षं ८ महिने म्हणजे ८ वर्षं. ५२,००० चे पंधरा दिवस झाले ३०,०००. आठ वर्षांचे २,४०,०००. कायद्याने द्यायच्या रकमेची कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे. देय झाल्यापासून तीस दिवसांत ती मिळायला हवी. उशीर झाला तर त्यावर सरळ व्याज द्यावं लागतं.

ज्यांचा मूळ पगार मुद्दाम कमी ठेवलेला असतो त्यांनी इथे थांबून नीट वाचावं. नव्या संहितांनी वेतनाची व्याख्या बदलली आहे. घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. म्हणजे महिना लाख रुपये मिळवणाऱ्या माणसाचा मूळ पगार कागदावर ३०,००० दाखवला असला, तरी ग्रॅच्युइटीचा हिशोब ३०,००० वर होणार नाही. जुन्या पद्धतीने काढलेला आकडा तुमच्या हिशोबपत्रकात आला असेल तर कंपनीला विचारा.

ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांसाठीही एक मोठा बदल झाला आहे. त्यांना आता पाच वर्षांची वाट पाहावी लागत नाही. एक वर्ष काम केलं असेल तर कामाच्या काळाच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. बाकीच्यांसाठी पाच वर्षांची अट कायम आहे. त्यात ४ वर्षं आणि २४० दिवस झाले तर पाचवं वर्ष पूर्ण धरावं, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला होता. तुमची नोकरी या टप्प्यावर संपत असेल तर हक्क सोडून देऊ नका, लेखी मागा.

ग्रॅच्युइटी कंपनीला कधी अडवता येते? तुम्ही हेतुपुरस्सर किंवा निष्काळजीपणे कंपनीचं नुकसान केलं आणि त्यासाठी काढलं गेलं तर त्या नुकसानीपुरती, आणि हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा नोकरीच्या ओघात केला म्हणून काढलं असेल तर अंशतः किंवा पूर्ण. एवढंच. नोटीस पिरियड पुरा केला नाही म्हणून, किंवा करारावर सही केली नाही म्हणून ग्रॅच्युइटी रोखण्याची तरतूद कायद्यात कुठेही नाही.

शिल्लक रजेचे पैसे कंपनीच्या नियमांनुसार आणि राज्याच्या कायद्यानुसार मिळतात. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ खाली भरपगारी रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पीएफबद्दल फार सांगायला नको. तो तुमच्या यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) खात्यात आहे, कंपनीच्या हातात नाही. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरली नाही, तर शेवटच्या जमेनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः भरू शकता. पाच वर्षांच्या सलग नोकरीआधी पीएफ काढला तर त्यावर कर लागतो. म्हणून नवी नोकरी मिळणार असेल तर तो ट्रान्सफर करणं चांगलं.

राजीनामा की कपात?

हा प्रश्न बहुतेकांना मानपानाचा वाटतो. ‘काढलं’ असं कागदावर येण्यापेक्षा ‘सोडली’ असं आलेलं बरं, पुढच्या मुलाखतीत तोंड लपवायला नको. ही भावना समजण्यासारखी आहे, आणि एचआरलाही ती पक्की माहीत असते. पण हा प्रश्न आधी पैशांचा आणि हक्कांचा आहे, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ थांबू.

कंपनीने शिस्तभंगाशिवाय, म्हणजे तुमची चूक नसताना कामावरून कमी केलं तर कायद्याच्या भाषेत ती कामगार कपात होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून तिच्या अटी ठरलेल्या आहेत आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही त्या चालू आहेत. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची, तिच्यात कारण लिहायचं, नाहीतर नोटिशीऐवजी तेवढं वेतन द्यायचं. शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन नुकसानभरपाई म्हणून द्यायचं. सरकारलाही कळवायचं. साधारणपणे त्या प्रकारच्या कामात जो सगळ्यात शेवटी लागला त्याला आधी कमी करायचं, आणि तसं केलं नाही तर का केलं नाही याची कारणं नोंदवायची. वर्षभरात पुन्हा भरती करायची झाली तर कमी केलेल्या माणसांना आधी विचारायचं.

नव्या संहितेने यात एक भर घातली आहे. पुनर्कौशल्य निधीत मालकाने कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे पंधरा दिवसांचं शेवटचं वेतन भरायचं आणि ते ४५ दिवसांत त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं. त्याच वेळी एक संरक्षण पातळही झालं. कारखाना, खाण किंवा मळा असेल तर कपातीआधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही अट पूर्वी १०० कामगारांपासून होती, आता ३०० पासून आहे. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात, वाळूजमध्ये, सातपूर-अंबडमध्ये १०० ते ३०० च्या मधले कारखाने पुष्कळ आहेत. तिथल्या माणसांना या बदलाचा फटका बसतो, आणि त्याबद्दल जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही असं मला वाटतं.

आपल्या उदाहरणातल्या मुलीला कपातीची भरपाई किती होईल? पंधरा दिवसांचं वेतन म्हणजे महिन्याचं निम्मं. ग्रॅच्युइटीसारखा २६ ने भागायचा नियम इथे लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं आहे. ५२,००० चे निम्मे २६,०००, गुणिले ८ (इथेही सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात), म्हणजे २,०८,००० रुपये. त्यात पुनर्कौशल्य निधीचे पंधरा दिवस धरा. ही रक्कम त्या ‘पाच लाखां’मध्ये कुठेच नव्हती. राजीनामा टाकला की ती मागण्याचा रस्ताच बंद होतो, कारण स्वतःहून नोकरी सोडणं ही कपात नव्हे.

करातही फरक पडतो. कामगाराला मिळालेली कपातीची भरपाई कायद्याने ठरवलेल्या रकमेपर्यंत आणि जास्तीत जास्त ५ लाखांपर्यंत करमुक्त असते. तेवढेच पैसे राजीनाम्यानंतर कंपनीने ‘एक्स-ग्रेशिया’ म्हणजे स्वखुशीची रक्कम म्हणून दिले तर ते पगारात धरले जातात आणि त्यावर पूर्ण कर लागतो. नोटिशीच्या बदल्यातला पगारही करपात्र आहे. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत करमुक्त. खासगी नोकरीतल्या रजेच्या पैशांवर २०२३ पासून आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत सूट आहे, पण तिलाही सरासरी पगाराच्या आणि वर्षाला तीस दिवसांच्या मर्यादा आहेत. या सवलती नव्या करप्रणालीतही मिळतात. व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेची, ५ लाखांची सूट मात्र आयुष्यात एकदाच मिळते आणि ती योजना आयकराच्या नियमांत बसणारी असावी लागते. एकट्या तुम्हाला दिलेल्या पत्रावर ‘स्वेच्छानिवृत्ती’ असं छापलं म्हणून ती योजना होत नाही.

आता एक मोठी अट. हे कपातीचं संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच आहे. इथे दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. पगार जास्त आहे म्हणून मी कामगार नाही, असं आयटीतल्या मुलांना वाटतं. पगाराची मर्यादा फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांना आहे, महिना १८,००० रुपयांची. तांत्रिक, कुशल किंवा कारकुनी काम करणाऱ्याला तशी मर्यादा नाही. दुसरीकडे, व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा माणूस कितीही कमी पगारावर असला तरी व्याख्येबाहेर जातो. न्यायालय हुद्द्याचं नाव पाहत नाही, दिवसभर मुख्यतः काय काम करता ते पाहतं. १९९४ मध्ये करोना साहू या पादत्राणांच्या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावलं आणि दुकान सांभाळणारा माणूस कामगार ठरला नाही, कारण तिथल्या कारभाराची मुख्य जबाबदारी त्याच्याकडे होती. तेव्हा व्हिजिटिंग कार्डवर ‘मॅनेजर’ आहे म्हणून हक्क सोडू नका, आणि हाताखाली दहा माणसं असताना, त्यांच्या रजा आणि मूल्यमापन तुम्हीच मंजूर करत असताना स्वतःला कामगार गृहीतही धरू नका. नेमकी रोज काय कामं करता त्याची यादी घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा. तासाभराच्या सल्ल्याची फी या रकमांपुढे फार नसते.

जो व्याख्येबाहेर आहे त्याच्या हातात काय उरतं? त्याचं नेमणूकपत्र. त्यातला नोटीस पिरियड, बोनसची कलमं, कंपनीचं धोरण. म्हणूनच व्यवस्थापक मंडळींच्या बाबतीत करारातला प्रत्येक शब्द जास्त मोलाचा असतो.

समोर ठेवलेला कागद

या कागदाला कुठे ‘सेपरेशन अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात, कुठे ‘म्युच्युअल सेपरेशन’, कुठे नुसतंच ‘फुल अँड फायनलची पावती’. नाव काहीही असो, आत साधारण तीच कलमं असतात.

पहिलं कलम म्हणजे हक्कसोड. ‘माझं कंपनीकडे काहीही येणं राहिलेलं नाही, पुढे कोणताही दावा करणार नाही.’ ग्रॅच्युइटीसारखा कायद्याने दिलेला हक्क अशा वाक्याने संपत नाही, कारण तो कायदा खासगी करारापेक्षा वरचा आहे. पण कपात होती की राजीनामा, यासारख्या वादाच्या मुद्द्यावर ही सही तुमच्या विरोधात पुरावा म्हणून उभी राहते. दबावाखाली सही घेतली हे सिद्ध झालं तर करार कायदा, १८७२ नुसार तो करार रद्द करून घेता येतो. मात्र ते सिद्ध तुम्हाला करावं लागतं, आणि सही केल्यावर सहा महिने गप्प बसून मग बोललं तर कुणी विश्वास ठेवत नाही. सही करणं भागच पडलं तर सहीखाली हाताने लिहा: ‘ग्रॅच्युइटी आणि कायद्याने देय असलेल्या इतर सर्व रकमांवरचा हक्क राखून.’

दुसरं कलम, प्रतिस्पर्धी कंपनीत न जाण्याचं. याची लोकांना उगाच फार भीती वाटते. करार कायद्याचं कलम २७ सांगतं की एखाद्याला त्याचा कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक आहे. नोकरी चालू असतानाची बंधनं वेगळी. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये प्रशिक्षण घेतलेला एक कर्मचारी पाच वर्षांचा करार संपण्याआधीच कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेला. तेव्हा १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार काळापुरतं बंधन मान्य केलं. नोकरी संपल्यानंतर मात्र ‘दोन वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही’ ही अट भारतात सहसा टिकत नाही. गुपितं न फोडण्याचं बंधन टिकतं. ते पाळा. कंपनीच्या फाइल्स स्वतःच्या मेलवर पाठवू नका, त्या एका चुकीने तुमची बाजू लंगडी होते.

बाँडची, म्हणजे ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याच्या कराराची, वसुली हा तिसरा विषय. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट योग्य ठरवली. सरकारी बँकेला पुन्हा भरतीची सगळी प्रक्रिया करावी लागते, हे न्यायालयाने लक्षात घेतलं. पण तिथे कर्मचारी स्वतः नोकरी सोडून गेला होता. कंपनीच तुम्हाला जायला सांगत असेल तर जॉइनिंग बोनस किंवा प्रशिक्षणाचा खर्च परत मागण्याला काय आधार आहे, हे विचारा आणि वसुली माफ केल्याचं करारात लिहून घ्या. हे तोंडी आश्वासनावर सोडण्यासारखं नाही.

कंपनीबद्दल वाईट न बोलण्याचं कलम असेल तर ते दोन्ही बाजूंना लागू करा म्हणावं. शेअर मिळणार असतील तर हातात आलेले किती, ते घ्यायची शेवटची तारीख कोणती, हे कागदावर हवं. वर्षाचा व्हेरिएबल पे कधी आणि किती मिळणार, तेही.

मागण्यासारखं काय असतं?

लोक फक्त महिन्यांच्या पगारावर घासाघीस करतात. त्याहून मोलाची गोष्ट कधी कधी तारीख असते.

समजा तुमची नोकरी ४ वर्षं ६ महिन्यांची आहे आणि कंपनी आजच्या तारखेला निरोप देऊन सहा महिन्यांचा पगार हातात ठेवते आहे. त्याऐवजी ‘हे सहा महिने मला पटावर ठेवा, काम देऊ नका हवं तर’ असं मागा. कंपनीला खर्च जवळपास तेवढाच, पण तुमची पाच वर्षं पुरी होतात. ५२,००० मूळ पगार असेल तर त्याने १,५०,००० रुपये ग्रॅच्युइटी उभी राहते. शेअर मिळण्याची तारीख किंवा बोनसची तारीख जवळ असेल तेव्हाही हीच युक्ती. शिवाय पटावर असताना नोकरी शोधणं सोपं जातं.

आरोग्य विम्याचं बहुतेकांना नंतर आठवतं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम साधारण शेवटच्या दिवशी संपतो, आणि घरात आईवडील त्याच विम्यावर असतात. पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत संरक्षण चालू ठेवता येईल का, हे विचारा. नाही म्हणाले तर शेवटच्या दिवसाच्या आधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करा. मधुमेह किंवा बायपास झालेल्या माणसासाठी हा अर्ज वेळेत जाणं पॅकेजमधल्या एखाद्या महिन्याच्या पगारापेक्षा महत्त्वाचं ठरू शकतं.

आणि रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र यांचे मसुदे करारालाच जोडून घ्या. ‘कंपनीच्या पुनर्रचनेमुळे पद रद्द झाले’ असं वाक्य पुढच्या मुलाखतीत कुणाला खटकत नाही. आपण काढले गेलो या लाजेपोटी लाखभर रुपयांवर पाणी सोडण्यापेक्षा हे वाक्य मागून घेणं शहाणपणाचं.

त्या दुपारी काय करायचं?

अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याकडून वयाच्या भेदभावाचा दावा सोडून घ्यायचा असेल तर त्याला विचार करायला २१ दिवस द्यावे लागतात, गटाने कपात असेल तर ४५, आणि सही केल्यावरही सात दिवसांत ती मागे घेता येते. ब्रिटनमध्ये कर्मचाऱ्याने स्वतंत्र कायदेशीर सल्ला घेतला नसेल तर असा करार बंधनकारकच होत नाही. तिकडे असलेल्या आपल्या मंडळींनी या तरतुदी वापराव्यात. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनी नोकरी संपल्यापासूनची ६० दिवसांची मुदतही मोजायला घ्यावी. भारतात सहीआधी विचार करायला वेळ देण्याची अशी सक्ती नाही. तो वेळ आपला आपणच काढावा लागतो.

म्हणून शांतपणे एवढंच म्हणा: “मला हे लेखी द्या. घरी जाऊन वाचते आणि दोन दिवसांत कळवते.” कुणी आवाज चढवला तरी तुम्ही चढवू नका. बाहेर आल्यावर त्याच दिवशी एक मेल लिहा: आज अमुक वाजता, अमुक जणांसमोर मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, मी स्वतःहून राजीनामा देऊ इच्छित नाही, प्रस्तावाची प्रत पाठवावी. या मेलची प्रत स्वतःकडे ठेवा. पुढे वाद झालाच, तर त्या खोलीत काय घडलं याचा हा त्याच दिवशीचा पुरावा असतो. लॅपटॉप परत देण्याआधी नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि रजेच्या शिलकीची नोंद हे तुमचे स्वतःचे कागद उतरवून घ्या.

बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या किंवा जाणाऱ्या बाईला असा निरोप आला असेल तर तिने अजिबात सही करू नये. त्या रजेच्या काळात नोकरीवरून काढणं किंवा काढल्याची नोटीस देणं कायद्याने मना आहे.

घाबरून राजीनामा टाकून बसला असाल तरी सगळं संपत नाही. तो अमलात येण्याआधी, आणि स्वीकारल्याचं तुम्हाला रीतसर कळवण्याआधी, तो लेखी मागे घेता येतो. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेच धरलं. राजीनामा स्वीकारल्याचं पत्र कार्यालयातच फिरत होतं, त्या माणसापर्यंत पोचलंच नव्हतं, म्हणून त्याने राजीनामा मागे घेणं वैध ठरलं. आज टाकलेला राजीनामा उद्या सकाळी मागे घ्यायचा असेल तर फोनवर बोलत बसू नका, मेल करा.

पुढे दाद कुठे मागायची? पगार किंवा वेतनाची थकबाकी असेल तर वेतन संहितेखालच्या अधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि थकीत रकमेच्या दहापट भरपाईपर्यंत तो अधिकारी आदेश देऊ शकतो. ग्रॅच्युइटी अडली तर आधी कंपनीला लेखी अर्ज द्या, मग ग्रॅच्युइटीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे जा. कपात चुकीची झाली असं वाटत असेल तर कामगार आयुक्तालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. पुण्यात हे कार्यालय वाकडेवाडीला आहे, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात. समेटाच्या अर्जानंतर ४५ दिवसांत काही निघालं नाही तर कामगार स्वतः थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. त्यासाठी युनियन पाठीशी असावीच लागते असं नाही. पूर्वी या वादाला तीन वर्षांची मुदत होती, नव्या संहितेत ती दोन वर्षांवर आली आहे. ती तुमच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून मोजायला लागा.